नादारी : काय सोडावे लागते, काय राखता येते

कर्ज फेडण्याची ऐपत संपलेल्या माणसासाठी कायद्याने काही वाटा आखून दिल्या आहेत. एका वाटेवर बहुतेक मालमत्ता सोडून कर्जातून मोकळे होता येते. दुसरीवर मालमत्ता हाती ठेवून ठरलेल्या हप्त्यांनी कर्ज फेडायचे असते. कोणती वाट घ्यायची, हे कर्जाच्या रकमेइतकेच मालमत्तेच्या स्वरूपावरही अवलंबून असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शेती, सहकारी पतपुरवठा आणि लहान उद्योग एकमेकांत गुंतलेले आहेत. या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हा विषय पुढे क्रमाने मांडला आहे.

नादारी म्हणजे काय

देणी देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीची ती अवस्था न्यायालयाने जाहीर करणे, तिची मालमत्ता एकत्र करून सर्व धनकोंमध्ये प्रमाणशीर वाटणे आणि अखेरीस उरलेल्या कर्जातून तिला मुक्त करणे, या संपूर्ण प्रक्रियेला नादारी म्हणतात. प्रक्रियेचे हेतू दोन. आधी धावलेल्या एका धनकोने सगळे उचलून नेऊ नये, हा पहिला. प्रामाणिक ऋणकोला पुन्हा उभे राहता यावे, हा दुसरा. पहिल्या हेतूसाठी मालमत्ता ताब्यात घ्यावी लागते. दुसऱ्यासाठी काही मालमत्ता ऋणकोकडेच राहू द्यावी लागते. नादारीच्या कायद्यातील बहुतेक तरतुदी या दोन हेतूंचा तोल सांभाळतात.

कोणता कायदा लागू होतो

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा नादारी कायदा आहे. देशाच्या उर्वरित भागातील व्यक्तींना प्रांतिक नादारी अधिनियम १९२० लागू होतो, आणि सातारा व सांगली जिल्हे त्यातच येतात. या अधिनियमाखालील अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला. त्यामुळे तासगावचा द्राक्ष बागायतदार, कराडचा दुकानदार किंवा विट्याचा यंत्रमागधारक स्वतःच्या कर्जापायी नादारीचा अर्ज करतो, तेव्हा त्याला १९२० चाच कायदा लागतो. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीचा संचालक कंपनीच्या कर्जाला जामीन राहिला असेल, तर मात्र त्याचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाते.

१८७९ चा दाखला

कर्जदाराकडे काय ठेवायचे, हा प्रश्न या भागाला नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते ताब्यात घेऊन जाळली आणि उठावाचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक साहाय्य अधिनियम झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा आणि खानापूर हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये ते दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात आले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले.

१८७९ च्या अधिनियमाने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्याची पद्धत बंद केली. कर्जखतावर लिहिलेली रक्कम खरी धरून न बसता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन जप्ती व लिलावातून वगळण्यात आली. शेतकऱ्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाला लागणारी जमीन त्याच्याकडे ठेवून उरलेली जमीन जास्तीत जास्त सात वर्षे जिल्हाधिकाऱ्याच्या व्यवस्थेखाली ठेवता येई आणि तिच्या उत्पन्नातून कर्ज फिटे. शेतकऱ्यांच्या नादारीसाठी याच अधिनियमात स्वतंत्र प्रकरण होते आणि पन्नास रुपये कर्ज असले तरी त्याखाली अर्ज करता येत असे. हा अधिनियम पुढे रद्द झाला. गहाण नसलेल्या शेतजमिनीला त्याने दिलेले संरक्षण १९२० च्या अधिनियमात नाही.

अर्ज केव्हा करता येतो

देणी देण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोला पुढील तीनपैकी एक अट पूर्ण होत असेल तर स्वतःहून अर्ज करता येतो : एकूण कर्ज किमान ५०० रुपये असणे, पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक किंवा कैद झालेली असणे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश कायम असणे. धनकोही अर्ज करू शकतो. त्याला मात्र किमान ५०० रुपयांचे येणे आणि अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील ‘नादारीचे कृत्य’ दाखवावे लागते. धनकोंना चुकवण्यासाठी घर किंवा गाव सोडणे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, देणी थांबवल्याची सूचना धनकोंना देणे, ही अशा कृत्यांची उदाहरणे होत. अर्जासोबत सर्व कर्जांची, धनकोंची आणि मालमत्तेची यादी द्यावी लागते. जप्तीतून सूट असलेल्या वस्तूही या यादीत स्वतंत्रपणे दाखवायच्या असतात.

मालमत्ता हातून जाते म्हणजे काय होते

न्यायालयाने नादार घोषित केल्यावर ऋणकोची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. घोषणेचा परिणाम अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरला जातो. त्यामुळे अर्ज आणि आदेश यांच्या मधल्या काळात केलेले व्यवहारही तपासले जातात. रिसीव्हर मालमत्ता विकतो, ऋणकोचे इतरांकडचे येणे वसूल करतो आणि जमा झालेला पैसा नोंद झालेल्या धनकोंना प्रमाणात वाटतो. न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणताही बिनतारणी धनको ऋणकोच्या मालमत्तेवर स्वतंत्र कारवाई करू शकत नाही. मुक्ततेचा आदेश होईपर्यंत वारसाहक्काने किंवा अन्य मार्गाने मिळालेली नवी मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. सर्व देणी आणि खर्च भागून काही उरले, तर ते ऋणकोला परत मिळते.

सर्वसाधारणपणे सुटणारी मालमत्ता

मोकळा भूखंड, दुकानाचा गाळा, भाड्याने दिलेले घर, गोदाम, चारचाकी, बँकेतील ठेवी, कंपन्यांचे शेअर, व्यापारातील माल आणि ऋणकोच्या स्वतःच्या मालकीचे सोने ही मालमत्ता विक्रीयोग्य ठरते. सांगलीच्या हळदबाजारातील व्यापाऱ्याच्या बाबतीत गोदामात असलेली हळद आणि अडत्यांकडचे येणे या दोन्हींचा त्यात समावेश होतो. वस्तू किती मौल्यवान आहे, यापेक्षा ती कायद्याने सूट दिलेल्या यादीत आहे की नाही, हे निर्णायक ठरते. ही यादी दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या कलम ६० मध्ये आहे. १९२० च्या अधिनियमाने तीच नादारीसाठी मान्य केली असून त्या यादीतील मालमत्ता रिसीव्हरकडे जातच नाही.

घरातील वस्तू आणि दागिने

ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण यांना पूर्ण सूट आहे. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिनेही सुरक्षित असतात. मंगळसूत्र हे त्याचे ठळक उदाहरण. पाटल्या, बांगड्या, साखळ्या यांना ही सूट आपोआप मिळत नाही. मात्र त्या पत्नीचे स्त्रीधन असतील, तर त्या ऋणकोच्या मालमत्तेत मुळातच मोडत नाहीत. अशा वेळी मालकी दाखवणाऱ्या पावत्या आणि नोंदी महत्त्वाच्या ठरतात. सोनेतारण कर्जासाठी बँकेत ठेवलेल्या दागिन्यांवर बँकेचा आधीचा हक्क असतो.

कारागीर आणि अवजारे

कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराची पटाशी, रंधा, कानस आणि तारा जुळवण्याची साधने या सुटीत बसतात. विक्रीसाठी तयार झालेले सतार-तंबोरे मात्र त्याचा माल ठरतात आणि विकले जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या बाबतीत शेतीची अवजारे, तसेच उपजीविका चालू राहण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे आणि बियाणे यांना सूट आहे. ही सूट हातची कमाई वाचवण्यासाठी आहे. अनेक कामगार ठेवून चालवलेल्या कारखान्यातील यंत्रे कारागिराची हत्यारे मानली जातीलच, असे गृहीत धरता येत नाही. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर किंवा यंत्रमाग तर धनकोकडे तारण असतो. तेथे सुटीपेक्षा तारणाचा हक्क वरचढ ठरतो.

राहते घर आणि शेतजमीन

शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांच्या मालकीचे व त्यांच्या स्वतःच्या वापरातील घर, त्याखालची जागा आणि घराच्या उपभोगाला लागणारी लगतची जमीन जप्तीतून मुक्त असते. येथे शेतकरी म्हणजे स्वतः जमीन कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा माणूस. कूळ आणि शेतमजूरही या व्याख्येत येतात. सातबाऱ्यावर केवळ नाव असणे पुरेसे नाही. सांगली शहरात नोकरी करून जत तालुक्यातील जमीन वाट्याने देणाऱ्याला ही सूट मिळवणे अवघड आहे. शिक्षक, दुकानदार, डॉक्टर यांच्या राहत्या घराला १९२० च्या अधिनियमाखाली असे संरक्षण नाही.

शेतजमिनीची स्थिती याहून वेगळी आहे. कलम ६० च्या यादीत घर आहे, अवजारे आहेत, बियाणे आहे, पण शेतजमीन नाही. त्यामुळे नादार शेतकऱ्याचे घर राहते आणि शेत जाऊ शकते. विक्रीवर एक बंधन आहे. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते. त्यामुळे खरेदीदारांची संख्या आणि परिणामी किंमतही मर्यादित राहते.

पगार, मजुरी, निवृत्तिवेतन आणि विमा

मजूर आणि घरकामगार यांची मजुरी पूर्णपणे सुरक्षित असते. ऊसतोडणी कामगाराची मजुरी याच तत्त्वाने जप्तीबाहेर राहते. पगारदाराच्या पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. पगार ३१,००० रुपये असेल, तर १,००० आणि ३०,००० चे दोन तृतीयांश म्हणजे २०,००० असे एकूण २१,००० रुपये सुरक्षित राहतात. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी वेगळे प्रमाण आहे. भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन आणि ऋणकोच्या आयुष्यावरील विमा पॉलिसीची रक्कम यांनाही सूट आहे. पत्नी व मुलांच्या हितासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी हा त्यांच्यासाठीचा न्यास ठरतो आणि धनकोंचा तिच्यावर हक्क पोहोचत नाही.

सहकारी संस्थेतील भाग

कृष्णा खोऱ्यातील असंख्य शेतकरी साखर कारखाने, विकास सोसायट्या आणि पतसंस्था यांचे सभासद आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सभासदाचा संस्थेच्या भांडवलातील भाग त्याच्या वैयक्तिक कर्जापोटी न्यायालयीन जप्तीस पात्र नाही आणि नादारीतील रिसीव्हरलाही त्यावर हक्क सांगता येत नाही. त्यामुळे कारखान्याचा शेअर, आणि पर्यायाने ऊस घालण्याचा सभासदाचा हक्क, शाबूत राहू शकतो. दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. संस्थेत ठेवलेल्या मुदत ठेवींना हे संरक्षण नाही. आणि सभासदाने त्याच संस्थेचे कर्ज थकवले असेल, तर संस्थेला त्या भागातून आपले येणे वळते करून घेता येते.

तारण ठेवलेली मालमत्ता

आतापर्यंतच्या सर्व सुटींचा आधार मालमत्ता मोकळी असणे हा आहे. गहाण किंवा तारण ठेवलेल्या वस्तूवरचा धनकोचा हक्क नादारीने बाधित होत नाही. त्याला तीन पर्याय असतात. तारण विकून उरलेल्या रकमेसाठी इतर धनकोंच्या रांगेत येणे, तारण सोडून संपूर्ण रकमेची नोंद करणे, किंवा तारणाचे मूल्य ठरवून बाकीची रक्कम मागणे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नोंदलेला असेल, तर ती जमीन या गटात येते.

बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ शकतात. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी दिला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून तो आला. शेतजमिनीवरील तारणहक्काला मात्र सरफेसी लागू होत नाही. तरीही सहकारी संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याचा मार्ग मोकळा असतो. त्यानुसार वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो.

कुटुंबाची मालमत्ता

ऋणकोचा हक्क जेवढा, तेवढीच मालमत्ता रिसीव्हरकडे जाते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत भाऊ, बहीण किंवा आई यांचा हिस्सा असेल, तर तो त्यांचाच राहतो. पण हिस्से ठरवण्यासाठी वाटणीचा प्रश्न उभा राहू शकतो. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या वडिलांच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्माच्या आधारे मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर वसुली करता येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेल्या नातेवाइकाची गोष्ट निराळी. नातेसंबंधामुळे नव्हे, तर सहीमुळे तो बांधला जातो. ऋणकोला मुक्तता मिळाली तरी सहकर्जदार आणि जामीनदार यांची जबाबदारी संपत नाही. पतसंस्थांच्या कर्जांना नातेवाईक, शेजारी आणि सहकारी जामीन राहण्याची रीत असलेल्या या भागात ही तरतूद अनेक कुटुंबांना भिडते.

आधी केलेली बक्षीसपत्रे आणि पक्षपाती फेड

अर्ज करण्यापूर्वी जमीन मुलाच्या नावे किंवा घर पत्नीच्या नावे करून ठेवले, तर ते सुरक्षित होते, हा समज चुकीचा आहे. मोबदला न घेता केलेल्या हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर हस्तांतर करणारा नादार ठरला, तर न्यायालय ते रद्द करू शकते. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र दोन्ही या कसोटीला उतरावी लागतात. योग्य किंमत देऊन सद्भावनेने खरेदी करणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. त्याचप्रमाणे, बाकीच्या धनकोंना डावलून एखाद्या आवडत्या धनकोचे कर्ज फेडले आणि तीन महिन्यांत नादारीचा अर्ज झाला, तर ती फेडही रद्द होऊ शकते. मालमत्ता लपवणे किंवा हिशेबाची वही नष्ट करणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. प्रामाणिक यादी हीच नादारीच्या संरक्षणाची पहिली अट आहे.

दुसरा मार्ग : तडजोड योजना

मालमत्ता विकू न देता कर्ज फेडण्याची योजना ऋणको मांडू शकतो. नादार घोषित झाल्यावरही १९२० चा अधिनियम याला वाव देतो. कर्ज सिद्ध केलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि कर्जाच्या मूल्याने तीन चतुर्थांश धनकोंनी योजना स्वीकारली आणि ती वाजवी असल्याचे न्यायालयाला पटले, तर ती सर्व संबंधित धनकोंवर बंधनकारक होते. नादारीचा आदेश रद्द होतो आणि मालमत्ता योजनेतील अटींनुसार राहते. द्राक्षबाग वर्षातून एकदा उत्पन्न देते आणि उसाचे बिल हंगामानुसार येते. अशा शेतीसाठी हंगामी हप्त्यांची योजना जमीन विकण्यापेक्षा धनकोंनाही लाभाची ठरू शकते. हप्ते थकले, तर न्यायालय योजना मोडून पुन्हा नादारी घोषित करू शकते.

२०१६ च्या संहितेतील मांडणी

नव्या संहितेत व्यक्तींसाठी तीन प्रक्रिया आहेत. पहिली ‘नवी सुरुवात’. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपये, मालमत्ता २०,००० रुपये आणि पात्र कर्ज ३५,००० रुपये या मर्यादांच्या आत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीसाठी ती आखली आहे. दुसरी प्रक्रिया परतफेड योजनेची. तिसरी, योजना फसल्यानंतरची, दिवाळखोरीची. परतफेड योजनेस धनकोंची मूल्याने तीन चतुर्थांशांहून अधिक संमती लागते आणि अर्ज दाखल करून घेतल्यावर १८० दिवसांपर्यंत वसुलीला स्थगिती मिळते.

वगळलेल्या मालमत्तेची संहितेतील यादी अधिक सुटसुटीत आहे. व्यवसायाची साधने, पुस्तके आणि वाहने, घरातील गरजेचे सामान, विमा किंवा निवृत्तिवेतन योजना, रूढीनुसार न उतरवता येणारे दागिने आणि एक राहते घर यांचा तिच्यात समावेश आहे. मात्र हे सर्व बोजामुक्त असले पाहिजे. जामीनदारांसाठीच्या २०१९ च्या नियमांनी दागिन्यांची मर्यादा एक लाख रुपये, घराची मर्यादा शहरी भागात वीस लाख आणि ग्रामीण भागात दहा लाख रुपये ठेवली आहे. येथे व्यवसायाची अट नाही. शिक्षक, दुकानदार, शेतकरी सर्वांना घराची सूट सारखीच. पण मूल्याची मर्यादा सर्वांनाच लागू.

निवड कशी ठरते

मालमत्ता सोडण्याचा मार्ग तेव्हा योग्य ठरतो, जेव्हा विकण्याजोगी मालमत्ता थोडी असते, जी आहे तिच्यातील बरीचशी सुटीच्या यादीत बसते, आणि पुढील उत्पन्नातून कर्ज फिटण्याची शक्यता नसते. हत्यारे, मजुरी आणि छोटे घर असलेला कारागीर किंवा शेतमजूर या स्थितीत असतो. त्याच्याकडून जाण्यासारखे थोडे असते आणि मिळणारी मुक्तता मोठी असते. गहाण नसलेली शेतजमीन किंवा शहरातील राहते घर असलेल्या, पण नियमित उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला तडजोड योजना सोयीची असते, कारण नेमकी तीच मालमत्ता सुटीबाहेर आहे. सर्व मालमत्ता तारणातच गेली असेल, तर दोन्ही मार्गांचा उपयोग मर्यादित राहतो. तेव्हा तारणधनकोशी थेट एकरकमी तडजोड करणे अधिक व्यवहार्य ठरते. सुटीचा हक्क सोडण्याचे लेखी वचन कर्जाच्या कागदावर दिलेले असले, तरी ते कायद्याने निरर्थक असते. त्यामुळे अशा कलमाच्या भीतीने हक्क सोडण्याचे कारण नाही.

मुक्तता आणि तिच्या मर्यादा

ठरलेल्या मुदतीत ऋणकोला मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो केला नाही, तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा वसुलीला मोकळे होतात. मालमत्तेतून बिनतारणी कर्जाच्या रुपयास आठ आणेही वसूल झाले नाहीत, व्यवसायाचे हिशेब ठेवले नाहीत, किंवा सट्टा व उधळपट्टीमुळे कर्ज झाले, असे आढळल्यास न्यायालय पूर्ण मुक्तता नाकारते. दुष्काळ, अवकाळी पाऊस, गारपीट यांसारख्या ऋणकोच्या हाताबाहेरच्या कारणांनी मालमत्ता घटली असेल, तर आठ आण्यांची अट आड येत नाही. सरकारची देणी, फसवणुकीतून झालेले कर्ज आणि पोटगी यांतून मुक्तता मिळत नाही. मुक्ततेपूर्वी आपली नादारी न सांगता पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेणे गुन्हा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवण्यासही नादार अपात्र असतो.

नादारीबाहेरचे दोन उपाय

कर्जमाफी हा नादारीचा प्रकार नव्हे. राज्य सरकारने २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या आणि २०१९ मध्ये दोन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जांसाठी योजना आखल्या. त्यांत मालमत्तेचा प्रश्न येत नाही, पण लाभ केवळ संस्थात्मक शेतीकर्जाला होतो. सावकाराकडील कर्जासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याने कर्जापोटी खरेदीखत करून जमीन बळकावली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ते हस्तांतर अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. नादारीत जमीन सोडण्याचा विचार करण्यापूर्वी ती अशा व्यवहारात गेली आहे का, हे तपासणे आवश्यक आहे.

मूल्यमापन

१९२० चा अधिनियम आजही रुपये-आण्यांत बोलतो आणि शेतकऱ्याचे घर राखून शेत मोकळे सोडतो. २०१६ ची संहिता अधिक न्याय्य यादी देते, पण जामीनदारांखेरीज इतर व्यक्तींना तिचा लाभ मिळत नाही. संहितेतील व्यक्तींचा भाग सर्वांसाठी अमलात आणणे, त्यातील मर्यादा आजच्या किमतींशी जुळवणे आणि कसणाऱ्याच्या निर्वाहापुरती शेतजमीन सुटीच्या यादीत घेणे, या तीन सुधारणा आवश्यक आहेत. तिसरी सुधारणा सातारा जिल्ह्याने १८७९ मध्ये अनुभवलेली आहे. ती पुन्हा आणणे अशक्य नाही.